जर्मन शिकताना आधार कोणाचा घ्यावा : इंग्रजीचा की मराठीचा?

पारिजातक

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. गेल्या दीड वर्षापासून दक्षिण जर्मनीतील एका लहान शहरात रुग्णपरिचर्येचे काम करते. येण्यापूर्वी पुण्यात बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकले आणि आता त्यापुढच्या बी-२ ची परीक्षा द्यायची आहे. आमच्या वर्गात व्याकरण इंग्रजीतून समजावले जाई, शब्दांचे अर्थही इंग्रजीतच उतरवून घेतले जात. त्यामुळे आजही कोणतेही जर्मन वाक्य मी आधी इंग्रजीत जुळवते आणि मगच बोलते.

यातून काय होते त्याचा एक प्रसंग सांगते. पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला मला मळमळू लागले. सोबतच्या वयस्कर परिचारिकेला मी सांगितले, "इश बिन श्लेश्ट." त्या बाईंनी हातातले काम बाजूला ठेवले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाही ग, तू फार चांगली आहेस." मी "मी वाईट आहे" असे बोलून गेले होते. योग्य वाक्य होते "मिअर इस्ट श्लेश्ट", आणि त्यातल्या "मिअर"चा अर्थ आहे "मला". मराठीत मी "मला मळमळतंय" असेच म्हणाले असते. जर्मन माणूसही "मला"च म्हणतो. मधे इंग्रजीचे "आय ॲम" घेतले नसते, तर चूक झालीच नसती.

तेव्हापासून मनात प्रश्न घोळतो आहे. आपण मराठी माणसे जर्मन शिकताना इंग्रजीच्या दाराने का आत जातो? मराठीतून थेट जाता येईल का, आणि गेल्यास कुठे अडेल? जे शिकले आहेत, शिकवत आहेत, त्यांनी आपापला अनुभव सविस्तर लिहावा.

उंबरठा

पारिजातक, मी बरीच वर्षे पुण्यात जर्मन शिकवतो. तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्ही जे "मिअर" सांगितले, ती एकटी गोष्ट नाही. ज्या अनुभवावर आपला ताबा नसतो, तो मराठीत "मला" होतो आणि जर्मनमध्ये पुष्कळदा "मिअर". मला थंडी वाजते : मिअर इस्ट काल्ट. मला उकडते : मिअर इस्ट हाइस. मला हे आवडते : डास गेफेल्ट मिअर. मला कंटाळा आला आहे : मिअर इस्ट लांगवाइलिश. या शेवटच्या वाक्यात "इश बिन" घातले, तर "मी कंटाळवाणा माणूस आहे" असा अर्थ होतो. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी येथे वर्षभर धडपडतो. "मला कंटाळा आला, मी कंटाळवाणा नाही" एवढे मराठीत सांगितले की तो एका तासात सावरतो.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, याचा विद्यार्थी उगाच धसका घेतात. हे पाहा : "वाइल इश गेस्टर्न माइनर मुटर आइनेन ब्रीफ गेश्रीबेन हाबे." आता शब्दाखाली शब्द ठेवू. वाइल, कारण. इश, मी. गेस्टर्न, काल. माइनर मुटर, माझ्या आईला. आइनेन ब्रीफ, एक पत्र. गेश्रीबेन, लिहिले. हाबे, आहे. "कारण मी काल माझ्या आईला एक पत्र लिहिले आहे." एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. मुख्य वाक्यात फक्त "हाबे" उडी मारून दुसऱ्या स्थानावर येते, बाकीची रांग तशीच राहते : "इश हाबे गेस्टर्न माइनर मुटर आइनेन ब्रीफ गेश्रीबेन." म्हणजे आपल्याला शिकायची ती एवढी एकच उडी. वर्गात मात्र उडी हाच नियम आणि शेवटी येणारे क्रियापद हा अपवाद असे शिकवले जाते, कारण शिकवण्याची भाषा इंग्रजी असते.

विभक्तीचेही तसेच. "घर"चे "घराला" होताना मधे "घरा" हे सामान्यरूप येते, ते आपण न शिकता वापरतो. नामाला वाक्यातल्या कामानुसार वेगळे रूप लागते, ही जाण मराठी मुलाला उपजत असते. जर्मनमध्ये तो बदल मुख्यतः नामाच्या आधीच्या शब्दात, म्हणजे डेर, डेन, डेम, डेस यांत दिसतो, इतकाच फरक.

रानवाट

उंबरठा सर, तुमचे वाक्याचे उदाहरण फारच सुंदर आहे, पण मी थोडी असहमत आहे. मी मानहाइम येथे अभियंता म्हणून काम करते आणि माझे जर्मन इंग्रजीच्याच जोरावर उभे राहिले.

शब्दसंग्रह हा भाषेचा निम्मा भार असतो आणि तो इंग्रजी उचलते. या दोन्ही भाषा सख्ख्या चुलत बहिणी आहेत. काही व्यंजने कशी बदलली हे एकदा कळले की शेकडो शब्द आपोआप ओळखीचे होतात. इंग्रजी "ट"च्या जागी जर्मनमध्ये "स" किंवा "त्स" येतो : वॉटर, वासर, टेन, त्सेन. "प"च्या जागी "फ" येतो : शिप, शिफ. "ड"च्या जागी "ट" येतो : डे, टाग, डोअर, ट्यूर. सिंग-सँग-संग ज्याला येते त्याला झिंगेन-झांग-गेझुंगेन पाठ करावे लागत नाही. मराठीतून "वासर" या शब्दाकडे कसे पोहोचणार? आपल्या कानाला ते गाईचे वासरूच वाटणार.

शिवाय मराठीही दगा देते. "मी घरी जातो" आणि "मी घरी आहे" या दोन्ही वाक्यांत आपले "घरी" एकच. जर्मनमध्ये जाताना "नाख हाउझे" आणि असताना "त्सू हाउझे". भूतकाळात आपण "मी पोळी खाल्ली", "मी आंबा खाल्ला" असे कर्माप्रमाणे क्रियापद बदलतो. जर्मन क्रियापद फक्त कर्त्याकडे पाहते. आणि लिंगाचे तर विचारूच नका. जर्मन नामाआधी पुल्लिंगात डेर, स्त्रीलिंगात डी आणि नपुंसकलिंगात डास येते. आपली सुरी ती, त्यांचे डास मेसर. आपला काटा तो, त्यांची डी गाबेल. चमचा तेवढा दोन्हीकडे पुल्लिंगी निघाला.

शेतशिवार

रानवाट ताई, निर्जीव वस्तूंच्या लिंगाबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. पण गोठ्यात या, तिथे चित्र वेगळे आहे.

मी शेतकरी कुटुंबातला. काही वर्षांपूर्वी उत्तर जर्मनीतील एका दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतावर सहा महिने प्रशिक्षणासाठी होतो. तिथल्या मालकाने पहिल्या दिवशी जनावरांची नावे सांगितली, ती मी वहीत उतरवली आणि रात्री समोर मराठी शब्द लिहीत बसलो. गाय, डी कू. बैल, डेर ओक्से. वासरू, डास काल्प. घोडा, डेर हेंग्स्ट. घोडी, डी श्टूटे. शिंगरू, डास फोलेन. कोंबडा, डेर हान. कोंबडी, डी हेने. पिल्लू, डास क्यूकेन. कोकरू, डास लाम. मूल, डास किंट. सगळी बाळे नपुंसकलिंगी, आपल्यासारखीच!

याहून मोठा आनंद पुढे झाला. नर की मादी हे सांगायचे नसते तेव्हा आपण "घोडे", "कोंबडे", "मेंढरू" असे नपुंसकलिंगी बोलतो : "ते घोडे कोणाचे आहे?" जर्मनमध्ये नेमके तेच आहे. डास फेर्ड म्हणजे ते घोडे, डास हून म्हणजे ते कोंबडे, डास शाफ म्हणजे ते मेंढरू. तो, ती, ते आणि चौथे पिल्लू, अशी पूर्ण चौकट दोन्ही भाषांत एकमेकींवर बसते. ज्या भाषेत दोनच लिंगे आहेत, किंवा वस्तूंना लिंगच नाही, त्या भाषेतून ही चौकट कशी दिसणार? अपवाद आहेत. कुत्र्याचे पिल्लू "डेर वेल्पे" म्हणजे पुल्लिंगी आहे. पण त्या रात्रीनंतर मला "डास" परके वाटले नाही.

सोनचाफा

आमच्या घरी तर "डास" या शब्दाला मुले चावणारा डासच समजत असत. खऱ्या डासाला मात्र जर्मनमध्ये "डी म्यूके" म्हणतात आणि तो स्त्रीलिंगी असतो, हे कळल्यावर त्यांना फार नवल वाटले.

गोमंतकिनारा

शेतशिवार यांच्या प्रतिसादात एक भर घालतो. जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिला धक्का बसतो तो "डास मेटशेन" या शब्दाचा. मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी कशी? आम्हा गोंयकारांना हा धक्का बसत नाही. कोंकणीत "चेडूं" नपुंसकलिंगीच आहे आणि लहान मुलीबद्दल "तें आयलें" असेच बोलतात. मालवणीतही "चेडू" तसेच. माझ्या शिक्षिकेने हा अपवाद म्हणून फळ्यावर लिहिला, तेव्हा मी घरातल्या धाकट्या बहिणीविषयी आजी कशी बोलते ते वर्गाला सांगितले. "-शेन" आणि "-लाइन" हे लघुत्वदर्शक प्रत्यय लागले की जर्मन शब्द नेहमी नपुंसकलिंगी होतो, हा नियम मला त्या दिवसापासून पक्का लक्षात राहिला आहे.

सोनचाफा

वेळ सांगण्याचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहिते. आम्ही नवीन असताना मुलाच्या शाळाप्रवेशासाठी एका कार्यालयात "हाल्प ड्राय" ही वेळ मिळाली. हाल्प म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन. इंग्रजीतल्या "हाफ पास्ट थ्री"च्या सवयीने आम्ही साडेतीनला पोहोचलो. आमची वेळ तासाभरापूर्वीच टळून गेली होती आणि पुढची वेळ मिळायला तीन आठवडे लागले. "हाल्प ड्राय" म्हणजे अडीच! काही भागांत "ड्रायफिअर्टेल ड्राय" असेही म्हणतात, म्हणजे पावणेतीन. नव्याने येणाऱ्यांनी हे कृपया आधीच पाठ करावे.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक सांगते. जर्मन बालभाषेत "काका" म्हणजे शी. भारतातून दीर भेटायला आले आणि माझ्या मुलाने पाळणाघरात आनंदाने "काका, काका" असे ओरडून सांगितले, तेव्हा तिथल्या ताई त्याला उचलून थेट न्हाणीघरात घेऊन गेल्या.

विसर्ग

सोनचाफा, तुमच्या "हाल्प ड्राय"चे गुपित मराठीतच आहे. "अडीच" हा शब्द संस्कृत "अर्धतृतीय"पासून प्राकृतातून आला आहे. अर्धतृतीय म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असे, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. "हाल्प ड्राय"मागचा हिशेब हाच आहे. "दीड" हा "द्व्यर्ध"पासून आला, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धा आहे असे. जर्मनमध्ये दीडला "आन्डरटहाल्प" म्हणतात आणि त्याचाही मूळ अर्थ "दुसरा अर्धा" हाच. जुन्या जर्मनमध्ये अडीचसाठी "ड्रिटहाल्प" असा शब्दही होता, तो तर अक्षरशः अर्धतृतीय. आपले शब्द इतके झिजले आहेत की आतला हिशेब दिसत नाही, जर्मन शब्दांत तो अजून उघडा आहे.

संस्कृत शिकलेल्यांना विलग होणाऱ्या क्रियापदांचाही बाऊ वाटू नये. "आउफश्टेएन" म्हणजे उठणे. पण वाक्यात "इश श्टेए उम झेक्स उअर आउफ", म्हणजे "आउफ" तुटून शेवटी जातो. वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूपासून असेच दूर जाऊन बसत. आणि "हृ" धातूचे आहार, विहार, प्रहार, संहार होतात, तसे "श्टेएन" म्हणजे उभे राहणे याचे फेरश्टेएन म्हणजे समजणे, एन्टश्टेएन म्हणजे उत्पन्न होणे, बेश्टेएन म्हणजे उत्तीर्ण होणे, गेश्टेएन म्हणजे कबुली देणे असे होतात. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो, हे आपण शाळेतच शिकलो आहोत.

उपसर्ग कुठे तुटतो यावर कधीकधी जीवही अवलंबून असतो. "उमफारेन" याचे दोन अर्थ आहेत. जोर "फा"वर असेल आणि शब्द तुटत नसेल, तर वळसा घालून जाणे. जोर "उम"वर असेल आणि शब्द तुटत असेल, तर गाडीने धडक देऊन पाडणे.

हातचा_एक

मी गणित शिकवतो. जर्मन आकडे उलटे असतात असे सगळे सांगतात, पण ते इंग्रजीच्या तुलनेत उलटे आहेत. फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश म्हणजे पाच आणि वीस. आपले "पंचवीस" म्हणजे तरी दुसरे काय? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" अशी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. दशक आधी उच्चारावा असा आग्रह धरणारी एक संस्था जर्मनीतही आहे. फरक पडतो तो एकोणतीस, एकोणसाठ यांसारख्या आकड्यांत. तिथे आपण पुढच्या दशकातून एक उणा करतो, जर्मन मात्र "नऊ आणि पन्नास" असेच सरळ म्हणतात.

पारिजातक

हातचा_एक सर, तुमचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. रक्तदाबाचा आकडा कोणी तोंडी सांगितला की माझा हात थबकतो, कारण "हुंडर्ट-त्स्वाय-उंट-फ्युन्फ्त्सिश" ऐकून मी आधी इंग्रजीत १२५ लिहू लागते आणि मग खोडते. आज कामावर मी मनात "एकशे बावन्न" असे म्हणत लिहिले. शंभर, दोन, पन्नास. एकशे, बा, वन्न. दिवसभरात एकही आकडा खोडावा लागला नाही.

दौत_आणि_टाक

म्हणींविषयी थोडे लिहितो, कारण म्हणी इंग्रजीतून शिकल्या की त्यांचा रस निघून जातो.

काही म्हणी तर शेजारच्या गावातल्या वाटतात. एका दगडात दोन पक्षी आपण मारतो, जर्मन माणूस एका फटक्यात दोन माश्या मारतो. आपण राईचा पर्वत करतो, ते डासाचा हत्ती करतात. सोनचाफा, तीच ती "म्यूके". तापलेल्या दगडावरचा थेंब म्हणजे आपली दर्यात खसखस. एखाद्याच्या दाढीला मध लावणे म्हणजे त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. आणि बोकडाला माळी नेमणे ही म्हण ऐकली तेव्हा मला चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आठवल्या, पण जर्मन चित्र अधिक बोलके आहे, कारण कोवळी रोपे पाहून बोकड काय करणार हे सांगावे लागत नाही.

काहींना मात्र जोड सापडत नाही, आणि त्या तशाच शिकाव्यात असे माझे मत आहे. "इश फेरश्टेए नूर बानहोफ", शब्दशः "मला फक्त रेल्वे स्थानक एवढेच कळते", म्हणजे सगळे डोक्यावरून गेले. पहिल्या महायुद्धात थकलेल्या सैनिकांना घरी परतण्यापलीकडे काही ऐकूच येत नसे, त्यावरून हा प्रयोग आला अशी एक प्रचलित उपपत्ती आहे. "आउफ डेम होल्त्सवेग झाइन", म्हणजे लाकडाच्या वाटेवर असणे. पूर्वी जंगलातून तोडलेली लाकडे ओढून आणण्यासाठी वाटा असत आणि त्या कोणत्याही गावाला न जाता रानातच संपत. त्या वाटेने निघालेला माणूस चुकीच्या समजुतीत असतो. "डास इस्ट मिअर वुर्स्ट", शब्दशः "ते मला सॉसेज आहे", म्हणजे मला त्याचे सोयरसुतक नाही. येथेही "मिअर", म्हणजे "मला"च आहे, हे लक्षात घ्यावे.

एक सूचना. हे शेवटचे वाक्य वरिष्ठांसमोर किंवा रुग्णासमोर वापरू नये. म्हण कळणे आणि म्हण कुठे बोलावी ते कळणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

उंबरठा

रानवाट, शब्दसंग्रहाचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्याच बहिणी फसवतातही. "गिफ्ट" म्हणजे विष, "शेफ" म्हणजे वरिष्ठ अधिकारी, "फास्ट" म्हणजे जवळजवळ, "बेकोमेन" म्हणजे मिळणे. पारिजातक यांच्या कामात सर्वांत घातक शब्द "एव्हेन्टुएल". डॉक्टर "एव्हेन्टुएल" येतील, याचा अर्थ कदाचित येतील. इंग्रजीच्या कानाला वाटते की उशिरा का होईना, येणार हे नक्की.

ज्या जर्मन शब्दजोड्यांत विद्यार्थी सर्वाधिक गोंधळतात, त्यांतील कित्येक मराठीत आधीपासून वेगळ्या आहेत. "केनेन" म्हणजे ओळखणे, "विसेन" म्हणजे ठाऊक असणे, "क्योनेन" म्हणजे येणे, जसे पोहता येणे. इंग्रजी या पहिल्या दोघांना एकाच शब्दात कोंबते. "वान" म्हणजे प्रश्नातले केव्हा. "वेन" म्हणजे जेव्हा जेव्हा, किंवा जर; आणि "वेन"नंतर येणारे "डान" म्हणजे आपले "तर". "आल्स" म्हणजे भूतकाळात एकदाच घडलेल्या गोष्टीचे जेव्हा. "आनशाइनेन्ट" म्हणजे दिसते त्यावरून बहुधा तसेच असावे. "शाइनबार" म्हणजे तसे भासते, पण तसे नाही. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, तो "शाइनबार".

उच्चारांनी होणारे घोटाळे वेगळे. "शोन" म्हणजे आधीच आणि "श्योन" म्हणजे सुंदर. "त्सालेन" म्हणजे पैसे देणे आणि "त्सेलेन" म्हणजे मोजणे. "ड्रुकेन" म्हणजे छापणे, "ड्र्यूकेन" म्हणजे दाबणे किंवा ढकलणे, म्हणून दारावर ढकलण्याची सूचना लिहिलेली असते ती दुसऱ्या शब्दाची. "ई" म्हणा आणि जीभ न हलवता ओठ "ऊ"साठी करतो तसे गोल करा, तो स्वर हाती येतो. "किर्शे" आणि "किर्शे" असे मी येथे देवनागरीत लिहिले, तर चर्च आणि चेरी वेगळे दिसणारच नाहीत, कारण चर्चसाठीच्या जर्मन शब्दातला तो घर्षक, म्हणजे हवा घासत निघणारा ध्वनी, आपल्याकडे नाही. "ह्या" शब्दातला "ह्य" त्याच्या बराच जवळ जातो. एक देणगी मात्र आपल्यालाच मिळाली आहे. आगगाडीला जर्मनमध्ये जे म्हणतात ते मराठी माणसाने "चूक" म्हटले की तंतोतंत येते. "चमचा" आणि "चूल" यांतला दंततालव्य "च" हाच तो ध्वनी. हिंदी भाषकाला तो मुद्दाम शिकावा लागतो.

आणखी एक युक्ती मी वर्गात देतो. पूर्ण भूतकाळात सहायक क्रियापद "हाबेन" घ्यावे की "झाइन", असा प्रश्न पडला की मराठीत वाक्य करा. "त्याने पत्र लिहिले", "ने" आला, म्हणून हाबेन. "तो गेला", "ने" नाही, म्हणून झाइन. "तो राहिला", तेही झाइन.

रानवाट

सर, ही युक्ती गोड आहे, पण तिला कुंपण हवे. "तो झोपला" यात "ने" नाही, तरी जर्मनमध्ये "एर हाट गेश्लाफेन". "तो हसला", तरी "एर हाट गेलाख्ट". झोप लागली, म्हणजे जागेपणातून झोपेत गेला, तेव्हा मात्र "एर इस्ट आइनगेश्लाफेन". म्हणजे खरी कसोटी जागा किंवा अवस्था बदलण्याची आहे. "बसणे" तर उत्तरेत हाबेन घेते आणि दक्षिणेत, तसेच ऑस्ट्रियात झाइन घेते. पारिजातक दक्षिणेत राहतात, त्यांनी दोन्ही ऐकले असेल.

उंबरठा

दुरुस्ती पूर्णपणे मान्य. "ने" आला तर बहुधा हाबेन, एवढे अर्धेच विधान टिकते. "ने" नसल्यास अवस्था बदलली का ते पाहावे. उद्यापासून वर्गात असेच सांगेन.

सोनचाफा

मला सर्वांत जास्त आधार मराठीचा झाला तो वाक्यातल्या छोट्या शब्दांसाठी. पुस्तकांत त्यांचा अर्थ देताना लेखक अडखळतात. "कोम डोख!" म्हणजे "ये ना!" "वार्टे माल" म्हणजे "थांब जरा." "डास वाइस्ट डू या" म्हणजे "तुला ते ठाऊकच आहे." "तू येत नाहीस का?" या नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना फक्त "डोख!" म्हटले की झाले "येते की!" इंग्रजीत मी हे शब्द गाळत असे आणि माझे बोलणे लोकांना कोरडे वाटत असे. शेजारच्या आजींनी एकदा मला सांगितले की आता तू आमच्यासारखी बोलतेस, तेव्हा बदलले होते ते एवढेच.

तसेच "डू" आणि "झी". जर्मनमध्ये यांच्यासाठी "डूत्सेन" आणि "झीत्सेन" अशी चक्क क्रियापदे आहेत. आपले अरे-तुरे करणे आणि अहो-जाहो करणे! आमच्या इमारतीत एका बाईंनी चार वर्षांनी मला "आपण आता अरे-तुरे करू या" असे सुचवले, तो क्षण किती मोठा आहे हे मला लगेच कळले. पुढाकार वयाने मोठ्या व्यक्तीने घ्यायचा असतो, हेही.

पारिजातक

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. मूळ प्रश्नाकडे वळून सांगायचे तर, मी वहीत आता तीन रकाने केले आहेत. शब्दासमोर त्याचा इंग्रजी नातेवाईक असेल तर तो लिहिते, कारण रानवाट यांचे म्हणणे मला पटले. पण वाक्य मात्र मराठीच्या रकान्यात लिहिते. गेल्या आठवड्यात बत्तीस वाक्ये झाली, त्यांतील सतरा वाक्ये शब्दांचा क्रम न बदलता उतरली.

एक अडचण उरली आहे. पाळी बदलताना रुग्णाने सांगितलेले लिहून ठेवावे लागते, तेव्हा क्रियापदाचे ते दुसऱ्याचे म्हणणे सांगणारे रूप मला जमत नाही. मी काल असे लिहिले : "डेर पाट्सिएन्ट झाग्ट, एर हाबे निश्ट गेश्लाफेन. डी आनगेह्योरिगेन झागेन, झी हाबेन डी टाब्लेटेन मिटगेब्राख्ट." रुग्ण म्हणतो, त्याला झोप लागली नाही. नातेवाईक म्हणतात, त्यांनी गोळ्या आणल्या आहेत. हे बरोबर आहे का?

उंबरठा

पहिले वाक्य अगदी बरोबर आहे. "हाट"चे "हाबे" केलेत, त्यातच आपले "म्हणे" आले : त्याला झोप लागली नाही म्हणे. मी स्वतः पाहिलेले नाही, त्याने सांगितले ते नोंदवते आहे, ही जबाबदारीची सीमा त्या एका स्वराने आखली जाते. वर्तमानपत्रांत हे रूप पानोपानी भेटेल.

दुसऱ्या वाक्यात अनेकवचन आहे. तिथे साधे रूपही "हाबेन" आणि "म्हणे"चे रूपही "हाबेन", म्हणून "म्हणे" दिसेनासे होते. अशा वेळी पुढचे रूप उसने घ्यावे : "झी हेटेन डी टाब्लेटेन मिटगेब्राख्ट." हे "हेटेन" तुम्हाला अनोळखी नाही. बेकरीत तुम्ही "इश हेटे गेर्न" म्हणता, मराठीत दुकानदाराला "मला एक पाव हवा होता" म्हणतो तसे, तेच ते.

तोंडी बोलताना याहून सोपा मार्ग आहे, "झोल". "एर झोल क्रांक झाइन" : तो आजारी आहे म्हणे. वहीत मराठीच्या रकान्यात "म्हणे" असे लिहा आणि समोर हे दोन्ही मार्ग लिहून ठेवा, लिहिण्यासाठी एक आणि बोलण्यासाठी दुसरा. उद्याची वाक्ये येथेच टाकलीत तर पाहून देईन.